काढलेली ओळ

"माझ्या वहिनीनं बाबांना मारायचा प्रयत्न केलाय," ती म्हणाली, आणि मग खुर्ची ओढून बसली.

बहुतेक अशील आधी बसतात, पाणी पितात, हवेबद्दल बोलतात आणि मुद्द्यावर यायला अर्धा तास लावतात. ही बाई उलट्या क्रमानं आली होती. टाचणीबाईंना ते आवडलं.

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं एका विमा कंपनीत त्या दावे तपासत होत्या. शंभर पानांच्या फायलीत जे एक पान खोटं असेल त्याला टाचणी लावून फाइल परत पाठवायच्या, तिथून हे नाव चिकटलं. आता त्यांचं स्वतःचं कार्यालय होतं, म्हणजे एक खोली, एक कपाट आणि मापारी. मापारी वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट तराजूत घातल्याशिवाय त्यांना पटत नसे, आणि काटा स्थिर व्हायला वेळ लागे.

"पहिल्यापासून सांगा," टाचणीबाई म्हणाल्या.

बाई रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये देखरेखीचं काम करत होती. बोलणंही तसंच, नोंदीसारखं.

"अकरा महिन्यांपूर्वी बाबांचं यकृत बदललं. जुनं यकृत ज्या विषाणूनं खाल्लं, तो नव्यातही आला. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी विषाणूवरची गोळी सुरू केली. सोमवारी पहिली गोळी. गुरुवारी सकाळी बाबा बेसिनपाशी कोसळले. नाडी चौतीस."

"मिनिटाला?" मापारींनी विचारलं.

"नाही, आठवड्याला," टाचणीबाई म्हणाल्या. "पुढे?"

"हृदयात तात्पुरती तार घालून ठोका चालवावा लागला. सगळ्या गोळ्या थांबवल्या, तेव्हा तीन-चार दिवसांत नाडी ताळ्यावर आली. कारण मात्र कोणालाच सापडलं नाही. ते मला सापडलं." तिनं एक कागद टेबलावर ठेवला. "बाबांचा ठोका पूर्वी बिघडायचा. त्यावर तीन वर्षं एक गोळी होती. ती नाडी मंद करते. नऊ आठवड्यांपूर्वी ती बंद झाली. आणि कोसळले त्या दिवशीच्या बाबांच्या रक्तात ती आहे."

कागदावर एकच शब्द महत्त्वाचा होता. आढळली.

"रक्ताची एक नळी मी आमच्या लॅबकडे वळवली. बाबांनी आजवर घेतलेली सगळी औषधं शोधायला सांगितली. गोळ्यांचा डबा वहिनी भरते. दुसरं कोणी त्याला हात लावत नाही."

"हे डॉक्टरीणबाईंना दाखवलंत?"

"नाही. आधी पुरावा हवा. नाहीतर म्हणतील, नणंद-भावजयीचं भांडण आहे."

"वहिनीला यातून काय मिळणार?"

"सुटका," ती म्हणाली. "दिवसाला सतरा गोळ्या, वेळेवर. अकरा महिने ती घराबाहेर पडलेली नाही. कंटाळली असेल. मागच्या आठवड्यात तर तिनं बाबांना गच्चीत अर्धा तास उन्हात बसवलं. चेहरा आणि हात भाजून निघालेत त्यांचे."

"या थंडीत?" मापारी म्हणाले. "कोवळ्या उन्हात?"

"तेच म्हणते मी. कसं बसवलं असेल!"

तिनं दुसरा कागद काढला. हॉस्पिटलचा घरी सोडण्याचा फॉर्म होता तो. 'घरी औषधं देणारी व्यक्ती' यापुढे 'सून' लिहिलेलं होतं. त्यावर काट मारून तिनं 'मुलगी' लिहिलं होतं. खाली सहीची जागा रिकामी.

"उद्या सकाळी आठला वॉर्डात विषाणूची गोळी पुन्हा सुरू, आणि दहाला घरी. माझ्या घरी. पण बाबा सही करत नाहीत. म्हणतात, सुनेनं काय केलं ते सांग. मला ते आज सांगायचंय. त्यानंतर पोलीस."

टाचणीबाईंनी घड्याळ बघितलं. दुपारचे बारा वाजले होते.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर औषधांची यादी चिकटवलेली, काळ्या शाईत, उभ्या टपोऱ्या अक्षरांत. एकही खाडाखोड नाही. खाली डबा, आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकाचे चार भाग.

सून चाळिशीची असेल. दार उघडताना तिनं ओले हात पदराला पुसले आणि पुसल्यावर पुन्हा पुसले.

"तुम्हाला ताईंनी पाठवलं," ती म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते. मी नाही घातली ती गोळी."

"उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत?"

"बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी औषधवाल्याकडे परत दिल्या. सहा होत्या. बंद झालेलं औषध घरात ठेवायचं नाही, बाबांचा नियम आहे."

"ही यादी तुम्ही लिहिता?"

"छे! बाबाच लिहितात. चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते ते. छापखान्यात त्यांना लाल पेन्सिल म्हणायचे. औषध बदललं की यादीवर आधी दुरुस्ती होते, मग त्याच दिवशी पक्की प्रत. काट मारलेली ओळ भिंतीवर दिसली तर त्यांना जेवण जात नाही."

मापारी बैठकीच्या खोलीत एका तसबिरीसमोर उभे होते. तसबिरीत देव नव्हता, पूर्वज नव्हते, छापील पानाचं एक जुनं प्रुफ होतं, लाल खुणांनी भरलेलं.

"हे खोडलेल्या शब्दाखाली ठिपके कसले?"

"शोधकाची खूण," सून म्हणाली. "चुकून खोडलं असेल तर खाली ठिपके द्यायचे. म्हणजे काट रद्द, शब्द राहू द्या. बाबा म्हणतात, चाळीस वर्षांत ही खूण त्यांना एकदाच करावी लागली. म्हणून ते पान लावून ठेवलंय."

"माणूस पक्का दिसतो," मापारी म्हणाले. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही."

सून त्या दिवसात पहिल्यांदा हसली. हसल्यावर तिचं तिलाच विचित्र वाटलं.

"डॉक्टरकडे जाताना काय नेता?" टाचणीबाईंनी विचारलं.

"हीच यादी. नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यावरूनच फाइल केली. यकृताचे आधीचे डॉक्टर दुसरीकडे गेले ना. आम्हाला तर ताकीद आहे, यादीत असेल तेवढंच बोलायचं. पाल्हाळ लावला की डॉक्टर चुकतात म्हणे."

तेवढ्यात तिचा नवरा आला. जमिनींची मोजणी करणारा माणूस, बुटांवर धूळ, खांद्यावर गुंडाळलेली टेप. हृदयाच्या डॉक्टरांकडे वडिलांना घेऊन तोच गेला होता.

"त्यांचा दवाखाना बंद व्हायचा शेवटचा आठवडा होता," तो म्हणाला. "बाबांना दिव्यांभोवती कडी दिसायला लागली होती. ती त्या गोळीमुळे, आणि ठोकाही बरा आहे, म्हणून गोळी बंद केली. आणखी काहीतरी बोलले. मी यादीच्या समासात लिहून घेतलं. बाबांनी घरी येऊन पक्की प्रत केली. झालं."

"आणखी काय बोलले?"

"आता नाही आठवत. लिहिलं की माझ्या डोक्यातून जातं."

"तुमच्या बायकोबद्दल तुमचं काय मत आहे?"

त्यानं खांद्यावरची टेप काढून ठेवली. सून ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"मत काय असणार," तो म्हणाला. "पण रिपोर्ट खोटं बोलत नाही ना."

सुनेच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात टेकलं. सोळा वर्षांचा संसार होता तो. टाचणीबाईंना त्या माणसाचा राग आला आणि त्यांनी तो लपवला नाही.

"रिपोर्ट खोटं बोलत नाही. पण विचारलं तेवढंच सांगतो, तुमच्यासारखाच," त्या म्हणाल्या. "औषधवाल्याचा पत्ता लिहून द्या."

सुनेनं खिडकीशेजारच्या चिमट्यातून एक कोरी चिठ्ठी काढली. चिमट्यात अशा वीसेक चिठ्ठ्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, पट्टी धरून कापलेल्या.

"जुन्या याद्या बाबा चार तुकडे करून इथे लावतात. पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही. सामान, औषध, सगळ्या चिठ्ठ्या यावरच."

टाचणीबाईंनी चिमट्यातला गठ्ठा उचलला आणि एकेक चिठ्ठी उलटून बघितली. एका तुकड्यावर लाल काट मारलेली अर्धी ओळ होती. कडेला, उभ्या समासात, मुलाच्या बारीक अक्षरात निळी शाई होती. 'ठोक्याची गोळी बंद केल्यावरही काही'. तिथे कात्रीनं वाक्य तोडलं होतं.

"ही मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या.

निघताना दाराजवळच्या खुंटीवर त्यांना रुंद काठाची टोपी दिसली. तिच्यावर धूळ बसली होती.

"बाबांची," सून म्हणाली. "ती गोळी चालू होती तेव्हा घालायचे. गोळी संपली तशी टोपीही सुटली."

*

औषधवाला गोल चेहऱ्याचा आणि दुखावलेला होता. आपल्या दुकानावर संशय आलाय हे त्याच्या कानावर आधीच गेलं होतं.

"सहा गोळ्या परत आल्या. ह्या बघा." त्यानं फळीखालून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात फेकायच्या औषधांची गर्दी होती, आणि मध्ये ती पट्टी. मापारींनी गोळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. सहाच.

"त्यानंतर ह्या घराला ती गोळी दिली?"

"एकही नाही. वहीत बघा."

मापारींनी वहीही बघितली. बंद होण्याआधी दहाची शेवटची पट्टी, चार खाल्लेल्या, सहा परत. तराजू अगदी समतोल होता आणि म्हणूनच मापारी कष्टी झाले.

"तो चेहरा भाजलाय म्हणे त्यांचा," औषधवाला म्हणाला. "मी तीन वर्षं बजावत होतो, टोपी घाला. त्या गोळीचं आणि उन्हाचं वाकडं आहे. पण गोळी बंद झाल्यावर कशाला भाजावं?"

"तुम्ही फार चांगला प्रश्न विचारलात," टाचणीबाई म्हणाल्या. "सूनबाई औषधांच्या चिठ्ठ्या पाठवतात, त्या तुम्ही ठेवता?"

गल्ल्याशेजारी एक उभी सळई होती, तिच्यात चिठ्ठ्या ओवलेल्या. टाचणीबाईंनी त्या एकेक करून उपसल्या. सुनेच्या अक्षरातली कापसाची आणि साबणाची मागणी निघाली. त्यांनी ती उलटली, वाचली, आणि पर्समध्ये ठेवली.

रस्त्यावर आल्यावर मापारी थांबले.

"घरात गोळी नाही. दुकानातून गेली नाही. मग रक्तात आली कुठून?"

"मापारी, तुम्ही सगळे सकाळपासून हाच प्रश्न विचारताय."

"मग?"

"म्हणून उत्तर सापडत नाहीये. चला, हॉस्पिटलला."

*

लाल पेन्सिल खाटेवर ताठ बसले होते. नाकाचा शेंडा आणि गाल सोलवटलेले, त्याखालची कातडी किंचित निळसर. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पायथ्याशी मुलगी उभी होती, खिडकीशी मुलगा, आणि सून दाराबाहेर, कारण नणंदेनं तिला आत येऊ दिलं नव्हतं.

"तिला आत बोलवा," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि डॉक्टरीणबाईंनाही."

डॉक्टरीणबाई आल्या, घड्याळाकडे बघत.

"मला पाचच मिनिटं आहेत."

"पुरतील. आजोबा, तो वरचा दिवा तुम्हाला कसा दिसतो?"

म्हाताऱ्यानं ट्यूबलाइटकडे बघितलं. "कडी घातल्यासारखा. डॉक्टर म्हणाले होते, जातील. अजून गेली नाहीत."

"ऐकलंत? आता मी सांगते." टाचणीबाईंनी लॅबचा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि घड्याळाकडे बघायचं सोडलं.

"हे औषध? पण हे यादीत कुठेच नाही!"

"नाही. कारण ते नऊ आठवड्यांपूर्वी बंद झालं. माझ्या अशिलांनी त्यावरून एकच निष्कर्ष काढला, की कोणीतरी ते चोरून दिलं. पण देणार कुठून? सहाच्या सहा गोळ्या औषधवाल्याच्या खोक्यात आहेत. मापारींनी दोनदा मोजल्या."

"तीनदा," मापारी म्हणाले.

"मग मी दुसऱ्या बाजूनं बघितलं. गोळी चालू असताना आजोबांना दोन त्रास होते. दिव्याला कडी दिसायची आणि ऊन सोसायचं नाही. आज कडी आहेतच. आणि मागच्या आठवड्यात थंडीतल्या कोवळ्या उन्हानं चेहरा भाजला. सुनेनं भाजला नाही. गोळी बंद झाली म्हणून टोपी खुंटीला गेली, पण अंगाला कोणी सांगितलंच नव्हतं की गोळी बंद झालीये."

मुलीच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही विचारत होता, गोळी आत कशी आली. मी विचारलं, ती बाहेर गेली होती का? दुपारी घरी मापारी एक म्हण बोलले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आजोबांना उद्देशून बोलले, पण लागू झाली गोळीला."

त्यांनी पर्समधून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि जेवणाच्या फिरत्या टेबलावर एकाखाली एक जुळवल्या. एकीची पाठ कोरी होती, दुसरीच्या पाठीवर कापूस आणि साबण. काट मारलेल्या ओळीशेजारचा समास पुन्हा अखंड झाला.

"तुम्हीच वाचा," त्या मुलाला म्हणाल्या. "तुमचंच अक्षर आहे."

मुलगा वाकला. एकेक शब्दावर बोट ठेवत त्यानं वाचलं.

"'ठोक्याची गोळी बंद केल्यावरही काही महिने अंगात राहते. नवीन औषध सुरू करताना आवर्जून सांगणे.'"

मग डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "बरोबर आहे. हे औषध चरबीत साठतं. उतरायला महिनोन् महिने लागतात."

"नऊ आठवडे ते एकटं होतं, तेव्हा नाडीला काही झालं नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "सोमवारी तुमची गोळी त्याच्या जोडीला गेली आणि गुरुवारी आजोबा पडले. तुमची गोळी थांबली आणि नाडी सुधारली. मी डॉक्टर नाही. पण दोन माणसं एकेकटी शांत असतात आणि एकत्र आली की डोकी फुटतात, तेव्हा भांडण त्या दोघांत असतं."

"आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "ह्या दोन औषधांनी मिळून नाडी एकदम मंदावते, हे आम्हाला माहीत असतं. मी यादीतलं प्रत्येक औषध ताडून बघितलं होतं. ही ओळ असती तर मी ती गोळी लिहिलीच नसती. मागे कोणतं औषध बंद केलंत का, एवढं मी विचारायला हवं होतं." त्या नर्सकडे वळल्या. "उद्याची आठची गोळी रद्द. आत्ताच काट मारा."

मुलगी खाटेच्या कडेवर बसली.

"म्हणजे उद्या सकाळी..."

"उद्या सकाळी आठला वॉर्डात पहिली," टाचणीबाई म्हणाल्या. "पुढच्या तुमच्या घरी. तुम्ही डबा स्वतः भरला असता, कुलूपबंद ठेवला असता. गुन्हेगार दूर केला म्हणून निर्धास्त राहिला असता. आणि यादीबरहुकूम गोळी देऊन वडिलांना घालवून बसला असता."

मुलीनं तोंडावर हात घेतला. ती रडली नाही, पण तिला आता रडता आलं असतं तर बरं, असं मापारींना वाटून गेलं.

"पण टीप गाळली कोणी?" मुलगा म्हणाला. "मी तर लिहिली होती."

"मी गाळली."

सगळे वळले. म्हातारा चिठ्ठ्यांवरून नजर न काढता बोलत होता.

"ओळ काढली की तिच्या समासातली टीप पुढच्या प्रुफात नेत नाहीत. चाळीस वर्षं तसंच केलं. ओळच नाही, तर टीप कशाची? वाचली होती मी. वाचली आणि सोडून दिली." त्यानं वरची चिठ्ठी सरळ केली. "छापलेल्या पानातून काढलेली ओळ जाते. माणसातून जात नाही, हे मला कळायला पाहिजे होतं."

"बाबा, असू दे," सून दारातून म्हणाली.

"असू दे काय? तुझ्यावर आळ आला."

"बाबांवरच्या उपचाराचं काय?" मुलानं विचारलं, बहुतेक बायकोकडे बघावं लागू नये म्हणून.

"विषाणूला इतकी घाई नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं औषध उतरेपर्यंत थांबू, नाहीतर त्याच्याशी न भांडणारं दुसरं निवडू. तेही इथे ठेवून, नाडीवर यंत्र लावून. आणि नवं यकृत टिकवायच्या गोळ्यांशी पुन्हा ताडून. टोपी मात्र आजपासून घाला."

त्या गेल्या. मुलगा खिडकीपासून दारापर्यंत आला, बायकोसमोर उभा राहिला, आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेला. तिनं ती सोडली नाही. ते दोघांचं दोघांना बघायचं होतं.

मुलगी उठली. "वहिनी," ती म्हणाली. "मी तुला पोलिसांत देणार होते."

"माहीत आहे. माझ्या वडिलांना असं झालं असतं तर मीही कोणालातरी धरलं असतं," सून म्हणाली. "पण मला आधी विचारलं असतं, ताई."

"तो फॉर्म आण," म्हातारा म्हणाला.

मुलीनं पर्समधून फॉर्म काढला, उलगडला आणि परत मिटायला लागली. "हा खराब झालाय, बाबा. काट मारली आहे मी. थांबा, नवा कोरा आणते, चांगला लिहू."

"दे इकडे."

त्यानं उशीखालून लाल पेन्सिल काढली. हॉस्पिटलात सगळं काढून घेतात, ती मात्र त्यानं दिली नव्हती. खोडलेल्या 'सून' या शब्दाखाली त्यानं तीन ठिपके दिले, नेमके, सारख्या अंतरावर. मग खाली सही केली.

"बाबा, निदान पक्की प्रत तरी..." सून म्हणाली. अकरा महिन्यांची सवय होती ती.

"नको," तो म्हणाला. "खोडलेलं दिसू दे."